हात फिरे तिथे ओरखडा

खंडेनवमीच्या सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलं तर बादल्या, पाइप आणि पायजमे गुडघ्यापर्यंत वर सारलेली माणसं दिसतात. एरवी सहा-सहा महिने ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं, त्या गाड्यांच्या अंगावरून गढूळ पाणी वाहत असतं. मग जुन्या बनियनचं फडकं निघतं. कधी भांड्यांच्या साबणात बुडवून, तर कधी नुसतंच ते टाकीवर गोल गोल फिरतं. गाडी चकचकीत होते. तिला हळद-कुंकू लागतं, हँडलला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू जातं, नारळ फुटतो. शस्त्रं पुजण्याचा हा दिवस. तलवारी गेल्या, त्यांच्या जागी आता पाने, शिलाई मशीन आणि मोटरसायकली आल्या.

गाड्या चमकवणं हाच ज्यांचा धंदा, त्या डिटेलिंगवाल्यांना हा दिवस बघवत नाही. लिंबाचा रस आम्लधर्मी, अ‍ॅल्युमिनियमवर सुकला की डाग ठेवून जातो. हळदीतलं कुर्क्युमिन पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मुरतं आणि कितीही घासलं तरी हटत नाही. उन्हाने मात्र ते हळूहळू उडतं, म्हणून घाबरून घासत बसण्यापेक्षा गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी करणं बरं. हाराचा दोरा वाऱ्यावर हलत टाकीच्या कडेला घासत राहतो. तरीही हळद, लिंबू आणि दोरा ही किरकोळ मंडळी. खरा घोटाळा करतं ते बनियनचं फडकं.

आजच्या बहुतेक मोटरसायकलींच्या टाकीवर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लीअर कोट म्हणतात. गाडीची चमक म्हणजे प्रत्यक्षात या क्लीअर कोटची चमक. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. या थरावर धूळ बसते, आणि आपल्याकडची धूळ साधीसुधी नाही. दख्खनचा खडक बेसाल्ट. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोह्‌सच्या दहा पायऱ्यांच्या पट्टीवर सहाच्या आसपास येतो. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यावर बांधकामांवर हाच खडक फोडून केलेली क्रश सँड आली आणि तिची भुकटी शहरभर उडते आहे. क्लीअर कोटचा कठीणपणा तिच्या जवळपासही पोहोचत नाही. अशी धूळ बसलेल्या टाकीवर कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक कण स्वतःची एक रेघ ओढत जातो.

एका फेरीत काही दिसत नाही. वर्षभर रोज सकाळी हात फिरला की एखाद्या दुपारी काळी टाकी उन्हात उभी असताना सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बारीक वर्तुळं दिसायला लागतात. धंद्यातल्या भाषेत हे स्वर्ल. गंमत अशी की ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती ज्यांची दिशा जुळते, तेवढेच डोळ्यांकडे उजेड परतवतात, म्हणून जाळं गोल भासतं. डोकं हलवलं की जाळंही सरकतं. एकदा ते दिसलं की माणसाचं सुख संपलं. मग त्याला सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीच्या टाकीवर तेच दिसत राहतं.

थोडक्यात, रंगाचं वाटोळं रस्ता करत नाही, पुसणारा करतो. जी गाडी धुळीत पडून राहते तिच्यावर स्वर्ल कमी. जिच्यावर मालकाचा जीव, तिच्यावर जास्त.

याचा सगळ्यात चांगला पुरावा जुन्या बुलेटवर मिळतो. बुलेट 1955 पासून मद्रासला बनू लागली. तिच्या टाकीवरची सोनेरी रेघ हा या गाडीचा दागिना. तिरुवोत्तियूरच्या जुन्या कारखान्यात ही रेघ कारागीर हाताने ओढत. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. लांब केसांचा ब्रश, श्वास रोखलेला आणि एका दमात टाकीच्या वळणावरून ओढलेली रेषा. हे काम पिढीजात करणारं एक कुटुंब कारखान्याइतकंच प्रसिद्ध झालं. आता सातारा-कोल्हापूरकडे फौजेतून निवृत्त झालेल्या एखाद्या सुभेदारसाहेबांची तीस-पस्तीस वर्षांची बुलेट पाहावी. इंजिन ठाकठीक, नटबोल्ट जागच्या जागी, क्रोमला डाग नाही. टाकीवर मात्र एका बाजूची सोनेरी रेघ मधेच पुसट होत होत नाहीशी झालेली. ही जागा बरोबर हाताच्या टप्प्यातली असते. फौजेत बेल्टचं बकल आणि टोपीवरचा बिल्ला चमकवून झाल्यावर तेच ब्रासो आणि तोच हात सकाळी गाडीवर फिरला. पितळेचं पॉलिश म्हणजे बारीक घासणी. ती पितळेचा काळपटपणा काढते तशीच रंगाचा थरही काढते. साहेबांनी ती रेघ प्रेमाने खाल्ली.

बाजारातली बहुतेक पॉलिश याच तत्त्वावर चालतात, हे मालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. ओरखडा भरून निघत नसतो. त्याच्या आजूबाजूचा क्लीअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. सपाट झालं की चमकलं. प्रत्येक पॉलिशमागे काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून चांगला डिटेलर मशीन हातात घेण्याआधी पेंट थिकनेस गेजने टाकीची जाडी मोजतो. पत्र्याच्या टाकीवर हे यंत्र नीट चालतं. पण हल्लीच्या गाड्यांचे बाजूचे पॅनेल प्लास्टिकचे, तिथे साधं गेज मुकं. तिथे कारागीर डोळ्यांवर आणि अनुभवावर भिस्त ठेवतो. कडांना तर तो हातच लावत नाही. ओला रंग सुकताना कडेवरून मागे सरकतो आणि तिथला थर मुळातच पातळ राहतो. मशीन चार सेकंद जास्त रेंगाळलं की खालचा प्रायमर उघडा पडतो. म्हणून कडांवर आधी मास्किंग टेप चिकटवतात.

मोटरसायकल धुणं हे कार धुण्याहून वेगळं काम आहे, आणि ते जास्त मजेचं का, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. कार म्हणजे बाहेरून एक बंद पेटी. मोटरसायकलचं सगळं उघड्यावर असतं. इंजिनच्या पंख्या, स्पोक, केबलींचा गुंता, चेन, हबवरचं वंगण. पत्रा, अ‍ॅल्युमिनियम, रबर, प्लास्टिक, क्रोम आणि रेक्झिन एका हाताच्या अंतरात, आणि प्रत्येकाला वेगळं औषध. एकाचं औषध दुसऱ्याचं विष. ब्रेक क्लीनर डिस्कवरचं तेल काढतो आणि शेजारच्या रंगावर उडाला तर रंगही काढतो.

जाणकाराच्या हातचं काम पाहावं. आधी इंजिन पूर्ण गार होऊ देतात. गाडी सावलीत मेन स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा, चावीच्या भोकावर टेप. मग खालून सुरुवात. चाकं, मडगार्डचं पोट आणि चेन आधी, टाकी शेवटी, म्हणजे खालची घाण उडून धुतलेल्या टाकीवर बसायची नाही. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली काळी माती लिंपल्यासारखी बसलेली असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की घट्ट आवळते. ती खरवडायची नसते. पाणी मारून अर्धा तास भिजू द्यायचं, मग ती आपण होऊन ढेपा सोडते. कोकणातून आलेल्या गाडीला जांभ्याची लाल भुकटी. ती सुटते लवकर, पण पांढऱ्या रंगावर तांबूस झाक ठेवून जाते.

मग ब्रश. इंजिनच्या पंख्यांसाठी दात घासायचा जुना ब्रश, हबसाठी रंगाऱ्याचा गोल ब्रश, स्पोकच्या मुळांशी बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा. छत्तीस किंवा चाळीस स्पोक एकेक करून धरून पुसायचे. कंटाळवाणं वाटतं खरं, पण याच फेरीत ढिला स्पोक सापडतो. पान्याने टिचकी मारली की ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. सिलिंडर हेडच्या सांध्यावर तेलाचा बारीक पाझर, क्लच केबलच्या टोकाशी तुटू लागलेली एखादी तार, टायरमध्ये रुतलेला खिळा ही सगळी ब्रशची कमाई. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनखाली यातलं काही दिसत नाही.

चाकांवर एक द्राव फवारतात, तो पाहण्यासारखा. ब्रेकमधून सुटलेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसलेले असतात. हा द्राव त्यांना लागला की जांभळा होतो आणि पांढऱ्या रिमवरून जखम झाल्यासारखे जांभळे ओघळ उतरू लागतात. वास कुजलेल्या अंड्याचा. हे रसायन थायोग्लायकोलेट जातीचं, केस कुरळे करण्यासाठी पार्लरमध्ये वापरतात त्याच कुटुंबातलं. दहाव्या मिनिटाला नाक धरून पाणी मारायचं.

टाकीची पाळी आली की दोन बादल्या. एकीत शँपूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शँपूत बुडवायचा, टाकीवरून सरळ रेषेत, न दाबता ओढायचा आणि पुन्हा शँपूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो गाळ साचतो, तो बनियनच्या फडक्याने टाकीवर फिरवला असता हे लक्षात आलं की बोलायला काही उरत नाही. भांड्यांचा साबण इथे वर्ज्य. त्याचं काम चिकटा काढणं, आणि तो वॅक्सचा थरही चिकटा समजून काढून नेतो. पुसायला जाड लवीचं मायक्रोफायबर. ते टाकीवर पसरायचं, पाणी शोषू द्यायचं, उचलायचं. घासायचं नाही. हे फडकं घरच्या कपड्यांत धुतलं आणि वर कम्फर्ट घातलं की त्याचे तंतू बुजतात आणि ते पाणी पुढे ढकलू लागतं. कितीतरी घरांत यावरून खटके उडाले असतील.

चेनचा विषय निघाला की वाद सुरू होतात. पूर्वी रॉकेलची वाटी आणि ब्रश असा साधा सरंजाम होता. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेलवर भागवतात. ओ-रिंगच्या चेनमध्ये कड्यांच्या सांध्यात कारखान्यातच ग्रीस भरून रबरी कडीने कोंडलेलं असतं. चेन पेट्रोलने धुतली तर ती कडी फुगते, तडकते आणि आतलं ग्रीस निघून जातं. डब्ल्यूडी-फोर्टी मारून चेनला तेलपाणी झालं असं समजणारेही बरेच. हे द्रव्य 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने धातूवरून पाणी हटवण्यासाठी बनवलं. नावातला आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचाला गंज चढू नये म्हणून ते वापरलं गेलं. पाणी हटवायला उत्तम, पण चेनचं वंगण म्हणून ते टिकत नाही. एक गोष्ट मात्र सगळेच मानतात: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं जातं आणि फडक्यामागे बोटं.

रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरला मात्र इतका वेळ नसतो. तिथे रांग असते. एक पोरगा फोमची गन मारतो, दुसरा स्पंज फिरवतो, आणि तोच स्पंज आधीच्या गाडीच्या चाकावरून आलेला असतो. इंजिनवर आणि चेसिसवर डिझेलचा फवारा मारण्याची चाल अजून अनेक ठिकाणी आहे. त्याने लोखंड दोन दिवस काळंभोर चमकतं, रबराचे बुश मात्र फुगतात, डिझेलच्या ओलाव्यावर तिसऱ्या दिवशी दुप्पट धूळ बसते आणि ते पाणी शेवटी गटारातून नदीला जातं. प्रेशर गन जवळून मारली की पाणी सील ओलांडून चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरतं. महिन्याभराने चाक घरघरायला लागतं. तेव्हा त्याचा संबंध कुणी त्या धुलाईशी लावत नाही. म्हणून गाडी तिथे नेऊच नये असं नाही. चिखलाने भरलेली गाडी घरच्या बादलीने घासण्यापेक्षा लांबून मारलेला फवारा बरा. गन हातभर लांब ठेवा, स्पंज लावू नका, एवढं सांगायची मालकाची तयारी हवी.

क्रोमचं प्रकरण वेगळं आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1960 च्या दशकापासून 1996 पर्यंत जावा आणि येझदी निघाल्या. त्यांतल्या अनेकींच्या किरमिजी टाकीच्या दोन्ही गालांवर क्रोम असे. त्या चमकेसाठी लोक आजही जीव टाकतात. पण डोळ्यांना जी भुलवते ती चमक बव्हंशी क्रोमच्या खालच्या निकेलची. वरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. कठीण, निळसर आणि न काळवंडणारा, पण त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्या भेगांतून आणि निकेलच्या छिद्रांतून पाणी खालच्या लोखंडाला गाठतं आणि मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत हे काम एका पावसाळ्यात उरकतं. लोक मग तारेची घासणी घेतात आणि उरलंसुरलं संपवतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉईल चुरगळून पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवली तर गंजाचे ठिपके निघतात आणि अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. नंतर वॅक्सचा हात.

पुन्हा क्रोम चढवून घेणं आता पूर्वीइतकं सोपं नाही. पारंपरिक पद्धतीत लागणारं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात 21 सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. आपल्याकडे गल्लीबोळातल्या प्लेटिंगच्या दुकानांत ज्यांचे हात त्या टाकीत जातात, त्यांच्या तब्येतीचा हिशोब चकचकीत सायलेन्सरच्या बिलात नसतो.

आणि या जावावाल्यांचा उत्साह पाहा. जावा-येझदी दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा होतो. पुण्यात तेव्हा ऐन पावसाळा. आठवडाभर घासून-पुसून आरशासारख्या केलेल्या गाड्या भर पावसात, चिखलातून धूर सोडत मेळाव्याला येतात आणि मालक तिथेही खिशातून फडकं काढून टाकी टिपत असतात.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह त्याहून वाईट. इंजिनच्या कव्हरवर कारखान्यातून लॅकरचा पातळ हात असतो. तो पिवळट पडला की एखादा हौशी गडी तो खरवडून काढतो आणि उघड्या धातूला बफिंग व्हीलवर आरशासारखा करतो. पंधरा दिवस डोळे दिपतात. मग हवेने धातू मंद व्हायला लागतो, पावसाने पांढरी भुकटी धरते. एकदा लॅकर काढला की जन्मभराची चाकरी लागली. ज्याला ती चाकरी आवडते, त्याच्यासाठी हे व्यसन फार स्वस्तातलं आहे.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर उतारा म्हणून सिरॅमिक कोटिंग आलं. शोरूममध्ये गाडीची चावी हातात पडायच्या आत त्याची गळ घातली जाते. बाटलीतला द्रव रंगावर चढवला की त्याचा सिलिकायुक्त थर तयार होतो. त्यावर पाणी ठरत नाही, घाणही कमी चिकटते. अळूच्या पानावर पाण्याचे थेंब जसे मोत्यासारखे गडगडतात तसेच ते टाकीवरून गडगडतात. इथवर खरं. पुढे विक्रेता ‘नाइन एच’ म्हणतो आणि हिऱ्याचा कठीणपणा दहा असतो असंही सुचवून जातो. तिथे खिसा सांभाळावा. हा आकडा मोह्‌सच्या पट्टीवरचा नव्हेच, तो पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या पेन्सिली नाइन बी ते नाइन एच अशा असतात. त्यातली कठीण पेन्सिल ठराविक दाबाने फिरवून रेघ उमटते का ते पाहतात. नाइन एच पेन्सिलीने ओरखडा पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ. बेसाल्टच्या कणापुढे एक-दोन मायक्रॉनच्या या थराचं काही चालत नाही. कोटिंगचा फायदा आहे, पण तो वेगळा: गाडी धुवायला सोपी होते, घासावं कमी लागतं, आणि कमी घासलं म्हणून ओरखडे कमी पडतात.

जुन्या वळणाची माणसं अजून वॅक्सच्याच बाजूची. चांगल्या वॅक्समधलं कार्नौबा ईशान्य ब्राझीलमधल्या एका माडवर्गीय झाडाच्या पानांवरून येतं. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड पानांवर मेण धरतं. पानं कापून वाळवतात आणि झोडपून मेण काढतात. ते 82 ते 86 अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणून उन्हात तापलेल्या टाकीवरही टिकतं. टिकतं म्हणजे दोन-तीन महिने. मग पुन्हा डबा उघडायचा, बोटावर इवलंसं घ्यायचं, पसरायचं, धुकट होऊ द्यायचं आणि पुसून काढायचं. कोटिंगवाले हा तोटा म्हणून सांगतात. वॅक्सवाल्याला विचाराल तर त्याला दर दोन महिन्यांनी रविवार सकाळ हवीच असते.

मॅट रंगाच्या गाड्यांवर मात्र यातलं काहीच चालत नाही. मॅट म्हणजे मुद्दाम खडबडीत ठेवलेला पृष्ठभाग. पॉलिश केलं की तिथे चमकदार ठिगळ पडतं आणि ते परत मॅट होत नाही, पॅनेल नव्याने रंगवावं लागतं. एका उत्साही भाच्याने मामाच्या मॅट टाकीला रबिंग लावलं की सुट्टी संपते.

सगळ्यात धोकादायक चमक टायरची. कारच्या टायरला काळं पॉलिश लावून शोभा आणतात, तसं पाहून कुणी मोटरसायकलच्या टायरला लावतो. मोटरसायकल वळणावर टायरच्या कडेवर झुकते. तिथे सिलिकॉनचा थर असला तर पहिल्याच वळणावर गाडी हातातून जाते. सीटवर लावलं तर ब्रेक मारताच मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर. डिस्कवर वॅक्सचा शिंतोडा पडला तर ब्रेक लागतच नाही. म्हणून धुऊन झाल्यावर जाणकार आधी आळीतल्या आळीत हळू चक्कर मारतात, ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करतात आणि मगच रस्त्याला लागतात.

पाण्याचाही प्रश्न आहेच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यानंतर मराठवाड्यात रस्त्यावर पाइप सोडून गाडी धुणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती सोसणं कठीण. बोअरचं पाणी असेल तर त्यात आणखी भर. ते जड असतं, थेंब सुकला की चुन्याची पांढरी कडी रंगावर बसते आणि उन्हाने भाजून निघाली की नुसत्या पाण्याने हटत नाही. यावर ‘रिन्सलेस’ शँपूची वाट आहे. बादलीभर पाण्यात बुचभर द्रव, ओलं मायक्रोफायबर, बस. धुळीच्या गाडीला हे पुरतं. चिखलाच्या गाडीला लावलं तर तो चिखलच घासणं झालं.

इतकं सगळं करून गाडी स्वच्छ होते आणि मग सुरू होतो मालकाचा जाच. टाकीवर हेल्मेट ठेवलेलं चालत नाही. जीन्सच्या पितळी बटणाने टाकीचा मागचा भाग खरवडतो म्हणून शर्ट बाहेर. जुडग्याच्या किल्ल्या हँडलच्या क्लॅम्पवर नाचून रंग उडवतात, म्हणून गाडीची चावी एकटी. मित्र गप्पा मारता मारता सीटवर रेलला की याचं लक्ष गप्पांतून उडालं. कावळ्याची विष्ठा पडली तर ऑफिसातून खाली धावत जायचं, कारण ती उन्हात क्लीअर कोटमध्ये खड्डा करते. आणि आभाळ भरून आलं की गाडी बाहेरच काढायची नाही. कोल्हापुरात याला सरळ नाद म्हणतात आणि नाद असलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत. घरचे मात्र घालतात. धुतलेल्या भांड्यांच्या रांगेत मायक्रोफायबर वाळत असतं, मिक्सरवर पॉलिशचं पॅड ठेवलेलं असतं आणि दिवाळीची साफसफाई काढल्यावर माळ्यावर चढायला हा माणूस सापडत नाही. तो खाली पार्किंगमध्ये नंबरप्लेटच्या मागे इअरबड घालत बसलेला असतो.

अलीकडे मात्र या नादाला एक उलटी दिशा फुटली आहे. यामाहाची आरएक्स-हंड्रेड 1985 च्या अखेरीस आपल्याकडे आली आणि 1996 मध्ये बंद झाली. तिच्या उरलेल्या गाड्यांवर आता तरुणांच्या उड्या पडतात. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या दुचाकींचे सुटे भाग धुंडाळणाऱ्यांत त्यांचा मोठा भरणा. पण जाणकार खरेदीदार नव्याने रंगवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा फिकट पडलेल्या मूळ रंगाच्या, मूळ स्टिकरच्या गाडीला जास्त भाव देतो. रंग केव्हाही मारता येतो, कारखान्यातला पहिला रंग एकदाच मिळतो.

अशा गाड्यांचे मालक पॉलिशला हात लावत नाहीत. त्यांची शिस्त वस्तुसंग्रहालयांची. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात एक सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झालं, रेनेसाँ वॅक्स. जुनी शस्त्रं, चामडं, लाकूड, धातू यांना ते पातळ लावून ठेवतात. ते रंग घासत नाही, हवा-पाणी बाहेर ठेवतं. गुडघ्यांनी घासून पत्रा दिसू लागलेली टाकी, पिवळं पडलेलं साइड पॅनेल, अर्धवट उडालेलं स्टिकर हे सगळं तसंच ठेवून त्यावर मेणाचा हात.

मागणी आली की पुरवठाही आला. नव्याने रंगवलेल्या टाकीवर खरखरीत पॅड फिरवून, इथे-तिथे पत्रा उघडा पाडून जुनेपणा आणून देणारे कारागीर आता जगभर मिळतात. खरी गाडी ओळखायची तर सीट काढून टाकीचा मागचा भाग बघावा लागतो. तिथे ना मालकाचा गुडघा पोहोचतो, ना त्याचं फडकं. तिथला रंगही घासलेला निघाला की सौदा तिथेच मोडतो.